तिजोरीतले सोने कोणाचे? सुरत, लिस्बन आणि आपल्या आज्यांच्या पाटल्या

आपल्या गोव्यात घरावर अडचण आली की दागिना विकत नाहीत, अडव ठेवतात. विकलेला दागिना गेला. अडव ठेवलेला दागिना मात्र आपलाच असतो, फक्त काही काळ घरात नसतो. मुलाचे शिक्षण, मुलीचे लग्न, आफ्रिकेला जाणाऱ्याचे बोटीचे भाडे, कोर्टातला दावा, मोडकळीस आलेले छप्पर, अशी किती कामे आपल्या आज्यांच्या पाटल्यांनी पार पाडली असतील त्याची मोजदाद नाही. पाटल्या तिजोरीत जातात आणि घरात येते एक चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर घराचा पूर्ण विश्वास असतो.

डिसेंबर १९६१ मध्ये या विश्वासाची परीक्षा झाली. भारतीय सैन्य गोव्यात शिरणार असे दिसू लागले तेव्हा बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या बँकेने आपल्याकडे गहाण असलेले गोमंतकीयांचे दागिने गोव्याबाहेर काढून लिस्बनला नेले. ते परत आले १९९१ मध्ये. मधल्या तीस वर्षांत ते सोने कोणाचे होते? बँकेचे? पोर्तुगालचे? भारताचे? की ज्या बाईच्या हातातून ते उतरले तिचे?

प्रश्न गोव्याचा आहे, पण त्याची सुरुवात मी सुरतेपासून करणार आहे. मराठी माणसाच्या आठवणीत दुसऱ्याची तिजोरी पहिल्यांदा उघडते ती सुरतेत. शाळेत आपण तो धडा वाचतो, शिवाजी महाराजांच्या धाडसाने भारावून जातो, आणि पुढच्या धड्याकडे वळतो. ते सोने नक्की कोणाचे होते हा प्रश्न त्या वयात पडत नाही. तो पडायला थोडी वर्षे आणि थोडी हिशेबाची कामे हातून जावी लागतात.

तापीच्या काठावरचे सुरत सतराव्या शतकात मोगल साम्राज्याचे सर्वांत मोठे बंदर होते. हजचे यात्रेकरू येथूनच जहाजात बसत. मोगल मुलखात सोन्या-चांदीच्या खाणी जवळजवळ नव्हत्या, तरी रुपया चांदीचा आणि मोहोर सोन्याची. हा धातू समुद्रावरून येत होता. तांबड्या समुद्रातल्या मोखा बंदरातून, इराणी आखातातून आणि युरोपीय कंपन्यांच्या जहाजांतून. इंग्रज आणि डचांकडे आपल्या लोकांना हवे असे फारसे काही नव्हते. कापड आणि नीळ पाहिजे तर चांदी मोजा, असा रोकडा मामला. आलेली परकी नाणी सुरतेच्या टांकसाळीत वितळवून त्यांचे रुपये पाडावे लागत. टांकसाळीत खोळंबा फार, म्हणून घाई असलेला व्यापारी आपली चांदी थोडा तोटा सोसून सराफाला देई आणि मोकळा होई. म्हणजे सुरतेत जो सोन्या-चांदीचा साठा दिसे, तो एका जागी थांबलेला साठा नव्हताच. वाहत्या पाण्याला घातलेला तो बंधारा होता, आणि त्या पाण्यावर एकाच वेळी अनेकांचा हक्क असे.

त्या शहराचा किल्ला कोणाच्या भीतीने बांधला हे गोव्याच्या माणसाने जरूर लक्षात ठेवावे. तो मराठ्यांच्या भीतीने बांधलेला नव्हता. १५३० मध्ये अंतोनियो द सिल्वेरा या पोर्तुगीज सरदाराने सुरत आणि पलीकडच्या काठावरचे रांदेर ही दोन्ही गावे लुटून जाळली. पोर्तुगीजांचे हे छापे थोपवण्यासाठी गुजरातच्या सुलतानाच्या खुदावंदखान नावाच्या सरदाराने १५४० च्या दशकात तापीकाठी हा किल्ला उभा केला. आपण 'सुरतेची लूट' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे १६६४ साल येते. त्याआधी एकशे चौतीस वर्षे फिरंग्यांनी सुरत लुटली होती, पण त्या लुटीचे पोवाडे कोणी केले नाहीत.

जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले तेव्हा मोगल सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर वाऱ्यावर सोडले. पाचशे शिपायांचा पगार तो बादशाही खजिन्यातून उचलत होता, पण शिपाई जागेवर नव्हते. (हजेरीपटावर माणसे आणि जागेवर शुकशुकाट, हा प्रकार किती जुना आहे ते पाहा.) शहराला धड तटही नव्हता. चार दिवस मराठ्यांनी ठरवून एकेक श्रीमंत हवेली उघडली. इंग्रज आणि डचांनी आपापल्या वखारी शस्त्रे घेऊन राखल्या. शहराचा मोठा भाग आगीत गेला. व्यापाऱ्यांत सर्वांत मोठा वीरजी व्होरा. त्याच्या घरातून सोने, नाणी, मोती आणि रत्ने यांची सहा पिंपे नेल्याची नोंद एका युरोपीय साक्षीदाराने केली आहे. दुसरा मोठा धनिक हाजी जाहिद बेग. त्याची हवेली इंग्रजांच्या वखारीच्या शेजारीच होती.

मोहनदास पारेख नावाच्या, तोवर वारलेल्या दलालाचे घर मात्र महाराजांनी सोडले. तो दानधर्म करणारा माणूस होता असे त्यांना सांगण्यात आले, असे फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो. कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात मालकीचा हा आधार सापडणार नाही. तरी त्या चार दिवसांत सुरतेत मालकीचा एवढा एकच दावा मान्य झाला.

महाराजांची भूमिका त्यांच्या बाजूने स्पष्ट होती. बादशाह मला फौज बाळगायला लावतो, तेव्हा त्या फौजेचा खर्च त्याच्या रयतेने द्यावा. या युक्तिवादात व्यापाऱ्याचे सोने व्यापाऱ्याचे राहत नाही, ते बादशाहीच्या ताकदीचा भाग होते. युद्धाच्या तर्काने हे चूक म्हणता येत नाही, आणि स्वराज्याला शाहिस्तेखानाने तीन वर्षे किती ओरबाडले होते हे पाहता ते अन्यायाचेही वाटत नाही. पण व्यापाऱ्याच्या बाजूने पाहिले तर गंमत अशी की, ज्या बादशाहीच्या नावाने त्याचे सोने गेले त्या बादशाहीने त्याला परत काय दिले? औरंगजेबाने सुरतेच्या व्यापाऱ्यांना एका वर्षाची जकात माफ केली. म्हणजे पुढच्या मालावर सूट, गेलेल्या सोन्याबद्दल अवाक्षर नाही. बादशाहाने ते सोने कधी आपल्या जबाबदारीवर ठेवून घेतलेलेच नव्हते, त्याची पावती कोणाला दिलेली नव्हती. मग भरपाई कसली?

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लूट झाल्यावर इंग्रज वखारवाल्यांना वाटले होते की वीरजी बुडाला. तसे झाले नाही. वीरजी आणि हाजी जाहिद बेग अजून ताठ उभे आहेत आणि व्यापाराला तयार आहेत, अशा अर्थाचे इंग्रजांनीच नंतर कळवले. हे कसे घडले? वीरजीचे मुनीम आग्रा, बुऱ्हाणपूर, गोवळकोंडा, मलबारपर्यंत बसलेले होते. खुद्द इंग्रज कंपनी त्याची कर्जदार होती. एकेकाळी कंपनीचा सुरतेतला व्यापार त्याच्याकडून उसनवार घेतलेल्या पैशावर चालत असे. ही सगळी मालमत्ता हुंड्यांत, खात्यांत, दुसऱ्यांच्या कबुलीत होती. ती पिंपात भरून नेता येण्याजोगी नव्हती. घरातले सोने गेले आणि कागदावरचे राहिले.

सोन्याची मालकी सोन्यात नसते, ती कागदात असते, आणि त्या कागदामागे त्याला खरे करून दाखवणारे कोणीतरी उभे असावे लागते. सुरतेच्या ज्या लहान सराफाचे सगळेच घरात होते आणि ज्याच्याकडे कोणाची कबुली नव्हती, त्याचे नाव कोणत्याही दप्तरात आलेले नाही.

कोषागाराशी ज्याचा कामानिमित्त संबंध येतो त्याला दुहेरी कुलूप ठाऊक असते. भक्कम खोलीला दोन कुलुपे, दोन किल्ल्या, त्या दोन वेगळ्या माणसांकडे. एकट्याने कोणीच उघडू शकत नाही. पण दोघेही मिळून आतल्या मालाचे मालक नसतात. किल्ली असणे आणि मालकी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आम्हां कारकुनांना पहिल्याच वर्षी शिकवले जाते. सरकारे ते वेळोवेळी विसरतात.

बँकेच्या बाबतीत यात आणखी एक पदर आहे. आपण बँकेत रोख पैसे ठेवतो तेव्हा त्या नोटा बँकेच्या होतात. आपण बँकेचे सावकार आणि बँक आपली ऋणको. आपण दिलेल्या त्याच नोटा परत मिळाव्यात असा हट्ट कोणी धरत नाही. दागिना गहाण ठेवला तर मात्र तसे नाही. तोच दागिना, तेच गोठ, तीच मोहनमाळ, तुटलेल्या कडीसकट परत यायला हवी. मालकी क्षणभरही बँकेकडे जात नाही. बँकेला फक्त आपले पैसे वसूल होईपर्यंत धरून ठेवण्याचा हक्क असतो. भारताच्या १८७२ च्या करार कायद्याचे तत्त्व हे आहे, आणि गोव्यात तेव्हा लागू असलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेचेही तत्त्व हेच होते. म्हणजे बांको नासिओनाल उल्त्रामारिनोच्या तिजोरीतले ते दागिने, ज्या क्षणी गोव्याबाहेर निघाले त्या क्षणीही, पोर्तुगालच्याच कायद्याने गोमंतकीय कुटुंबांचे होते.

ही बँक म्हणजे गोव्याच्या चार पिढ्यांची बँक. लिस्बनमध्ये १८६४ मध्ये स्थापन झाली आणि १८६८ पासून गोव्यात होती. पोर्तुगीज वसाहतींसाठी नोटा छापण्याचा हक्क तिच्याकडे होता. गोव्याची रुपिया आणि १९५९ पासूनचा एस्कुदो याच बँकेच्या नावाने खिशात येत. म्हणजे ती एकाच वेळी सरकारची टांकसाळ आणि गावची सावकार. एरवी ही सोय वाटते. राज्य बदलायची वेळ आली की घोटाळा होतो, कारण सरकारी खजिना कुठे संपतो आणि लोकांची गाठोडी कुठे सुरू होतात याचा विचार पळताना कोणी करत नाही. निदान लिस्बनने तो केला नाही.

बँकेची बाजू मांडायची तर अशी मांडता येईल की, कर्जे वसूल व्हायची होती, तारण सुरक्षित ठेवणे बँकेचे कामच होते, आणि युद्धाच्या तोंडावर ते दुसरीकडे हलवणे यात गैर काय? मला हे पटत नाही. तारण सुरक्षित ठेवायचे ते धनकोसाठी तसेच ऋणकोसाठीही. ज्या बाईला उद्या पैसे भरून पाटल्या सोडवायच्या आहेत तिने त्या लिस्बनला जाऊन सोडवायच्या का? तेही दोन देशांचे राजकीय संबंध तुटलेले असताना? कर्ज गोव्यातले, चिठ्ठी गोव्यातली, माणूस गोव्यातला आणि तारण समुद्रापलीकडे, म्हणजे गहाणाचे रूपांतर ओलिसात झाले. सोने ओलीस आणि मालक बिचारा निर्दोष.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढा असा सालाझारचा हुकूम त्यांनी पाळला नाही, म्हणून गोव्याची माणसे आणि देवळे-चर्चेस वाचली. त्याबद्दल त्यांना मायदेशी शिक्षा भोगावी लागली. त्या माणसाबद्दल गोव्यात आजही आदराने बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पण दागिने त्याआधीच गेले होते.

ज्या पोर्तुगालकडे ते गेले तो देश सोन्याच्या बाबतीत गरीब नव्हता, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ राहून पोर्तुगालने जर्मनीला वुल्फ्राम खनिज विकले आणि मोबदल्यात सोने घेतले. त्यात जर्मनांनी इतर देशांच्या बँकांतून लुटलेले सोनेही होते. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी मागणी केली तेव्हा बरीच वर्षे वाटाघाटी करून पोर्तुगालने परत केले ते जेमतेम चार टन. आजही त्या छोट्या देशाच्या मध्यवर्ती बँकेकडे ३८० टनांहून अधिक सोने आहे. तेव्हा आपल्या पाटल्या-बांगड्यांवाचून लिस्बनचे काही अडले होते असे नाही.

ते दागिने तिकडे पडून असताना इकडे भारतात सोन्याचे काय चालले होते? आपण ज्या देशात सामील झालो त्या देशाने चीन युद्धानंतर, ९ जानेवारी १९६३ रोजी, सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम काढला. अर्थमंत्री होते मोरारजी देसाई, जुन्या सुरत जिल्ह्यातल्या भदेली गावचे. चौदा कॅरटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने करण्यास बंदी, आणि दागिन्यांव्यतिरिक्त जे सोने घरात असेल ते सरकारला जाहीर करायचे. चौदा कॅरटचे मंगळसूत्र! देशभरातल्या सोनारांचा धंदा बसला, कित्येकांनी जीव दिले. पुढे नियम शिथिल झाले, पण १९६८ मध्ये त्याचा रीतसर कायदाही झाला. सुवर्ण नियंत्रणाचे म्हणणे साधे होते: सोने तुमच्या कपाटात असले तरी त्यावर राष्ट्राचा डोळा आहे, कारण ते विकत घ्यायला परकीय चलन लागते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मोरारजींचे फार चुकले असे नाही. माणसांच्या दृष्टीने मात्र पुष्कळ चुकले.

हा कायदा १९९० मध्ये रद्द केला तो मधू दंडवते यांनी. कोकणातल्या राजापूरचे खासदार, अर्थमंत्री, आणि १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीजांचा मार खाल्लेले सत्याग्रही. सोन्याच्या या कथेत गोव्याची आठवण अशी मधूनमधून कुठून तरी डोके वर काढते.

लिस्बनचे कोडे सुटायला आधी लिस्बनमधले राज्य बदलावे लागले. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने हुकूमशाही गेली, आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, दिल्लीत भारत-पोर्तुगाल करार झाला. सह्या केल्या भारतातर्फे यशवंतराव चव्हाण आणि पोर्तुगालतर्फे मारियु सुआरीश यांनी. पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. नागरिकांच्या मालमत्ता आणि दाव्यांचे प्रश्न परस्पर चर्चेने सोडवायचेही ठरले. चव्हाणांच्या त्या सहीने गोव्याचा नकाशा एका दिवसात कायदेशीर झाला. दागिन्यांना त्यानंतर आणखी सोळा-सतरा वर्षे लागली. जमिनीचा मालक ठरवणे सोपे आणि पाटल्यांचा मालक ठरवणे अवघड, असा हा उलटा न्याय.

अखेर १९९१ मध्ये दागिने भारतात आले. तोवर अडव ठेवणाऱ्यांपैकी कितीजणी हयात राहिल्या असतील याचा विचार केला की मन उदास होते. १९६१ साली तिशीतल्या बाईने ठेवलेले गोठ साठाव्या वर्षी समोर यायचे. ज्या मुलीच्या लग्नासाठी ते सोडवायचे होते ती मुलगी एव्हाना स्वतः आजी झालेली. तरीही ते आले, आणि ते का आले हे महत्त्वाचे आहे. पोर्तुगालच्या सोन्याच्या राशीत वितळून ते एकजीव झाले नव्हते. ते गहाण होते, कोणाच्या तरी नावावर होते, आणि त्या नावांमागे आता एक सरकार उभे होते. सुरतेच्या सराफाकडे यातले काहीच नव्हते.

आता पाहा, ज्या १९९१ मध्ये गोव्याचे गहाण सोने लिस्बनहून सुटले, त्याच १९९१ मध्ये भारताने स्वतःचे सोने गहाण टाकले. परकीय चलन काही आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते. मे महिन्यात, चंद्रशेखर पंतप्रधान असताना, तस्करांकडून जप्त केलेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडमधल्या बँकेला, परत विकत घेण्याच्या बोलीवर विकले. (दमणपासून सुरतेपर्यंतचा किनारा सोन्याच्या तस्करीसाठी एकेकाळी किती प्रसिद्ध होता हे वाचकांना सांगायला नको. त्या वीस टनांतले काही तोळे तरी तापीच्या मुखाजवळ पकडलेले असतील.) जुलैत नरसिंह राव यांचे सरकार आल्यावर रिझर्व्ह बँकेने आपल्या साठ्यातले जवळजवळ ४७ टन सोने विमानाने परदेशी पाठवले आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून सुमारे ४० कोटी डॉलर उचलले. बातमी फुटली तेव्हा देशभर लाज आणि संताप उसळला. अर्थतज्ज्ञ सांगत होते की तारणाचा हा साधा व्यवहार आहे. लोकांना तो साधा वाटला नाही, कारण प्रत्येक घराला ठाऊक होते की दागिना घराबाहेर जातो म्हणजे काय होते. गोवेकरांना तर सर्वांहून जास्त ठाऊक होते.

ते कर्ज त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत फिटले. सोने मात्र लंडनच्या तिजोरीतच राहू दिले. आता ते गहाण नव्हते, ठेवायला दिलेले होते. पण ठेवायला दिलेल्या सोन्याचेही काय होते याचे दाखले आहेत. मार्च १९३९ मध्ये हिटलरने प्राग घेतल्यावर चेकोस्लोव्हाकियाचे २३ टनांच्या आसपासचे सोने बँक ऑफ इंग्लंडच्या वहीत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेले आणि जर्मनीचे झाले. एक वीटही जागची हलली नसेल. अलीकडे व्हेनेझुएलाने त्याच बँकेतले आपले सुमारे ३१ टन सोने मागितले तेव्हा प्रश्न निघाला की व्हेनेझुएला म्हणजे कोण? दोन अध्यक्ष, दोघांनी नेमलेली दोन संचालक मंडळे. २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ब्रिटिश सरकार ज्याला अध्यक्ष मानते त्यालाच न्यायालयेही मानतील. मालक कोण हे ठरले ते तिजोरी ज्याच्या देशात, त्याच्या मान्यतेवर.

रिझर्व्ह बँकेने अलीकडे आपले सोने परत आणायला सुरुवात केली यामागे हेच असावे असे मला वाटते. २०२४ मध्ये शंभर टन ब्रिटनहून आले. मार्च २०२५ अखेर तिच्याकडे एकूण ८७९.५८ टन सोने होते, त्यातले ५११.९९ टन देशात आणि बाकी बहुतेक बँक ऑफ इंग्लंड व बाझेलच्या आंतरराष्ट्रीय बँकेकडे. देशातल्या तिजोऱ्या मुंबईत आणि नागपुरात आहेत, दोन्ही मराठी मुलखात, याचा आपल्याला उगाच थोडा अभिमान वाटतो.

पण ते आपले आहे का? लोक म्हणतात, देशाचे सोने, म्हणजे आपलेच. कायद्याने पाहिले तर ते रिझर्व्ह बँकेच्या मालमत्तेत आहे, आणि रिझर्व्ह बँक १ जानेवारी १९४९ पासून केंद्र सरकारच्या मालकीची. नोटांच्या पाठीशी किमान ११५ कोटी रुपयांचे सोने ठेवावे असे १९५७ पासून कायदा सांगतो. सोन्याचा आजचा भाव पाहता ती अट केव्हाच नावापुरती उरली आहे. खिशातल्या शंभराच्या नोटेवर गव्हर्नरांचे वचन असते ते शंभर रुपये देण्याचे, सोन्याचे नव्हे. ८७९ टनांतल्या एका गुंजेवरही कोणाचे नाव नाही. माझे नाही, तुमचे नाही. पाटल्यांच्या गाठोड्याला जी चिठ्ठी होती तशी चिठ्ठी राष्ट्राच्या सोन्याला नसते. तेथे नागरिक वीरजी व्होराच्या जागी नसून सुरतेच्या त्या निनावी सराफाच्या जागी असतो. फरक एवढाच की आज किल्ल्यात जाऊन बसणाऱ्या सुभेदाराला निवडणुकीत जाब विचारता येतो. हा फरक लहान नाही.

मला म्हणूनच राष्ट्राच्या टनांपेक्षा गहाणाच्या तोळ्यांची काळजी जास्त वाटते. आपल्या बाजारपेठांतून हिंडताना सोनेतारण कर्जाच्या पाट्या मोजाव्यात. म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठेही. आज्यांच्या पाटल्या आता नातींच्या हातून त्याच वाटेने जात आहेत. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने या कर्जांसाठी नवे निर्देश काढले. कर्ज पूर्ण फिटल्यावर तारण त्याच दिवशी, फार तर सात कामकाजाच्या दिवसांत परत करायचे. दिरंगाई संस्थेकडून झाली तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई ग्राहकाला द्यायची.

लिस्बनला गेलेल्या दागिन्यांना हा नियम लागू होत नाही, तो कर्ज फेडल्यानंतरच्या दिवसांसाठी आहे, हे मला कळते. तरी कारकुनाचा हात. हिशेब मांडून पाहिल्याशिवाय राहवेना. तीस वर्षांचे दिवस होतात १०,९५०. त्याला पाच हजारांनी गुणले की एका गाठोड्यामागे पाच कोटी सत्तेचाळीस लाख पन्नास हजार रुपये.